दानीएल अजून वाळतोय

ओला फोटो वाळवणं हे काम कोणालाही येतं, अशी जगातल्या सगळ्यांची समजूत आहे. कपडे वाळतात, पापड वाळतात, मग फोटोलाच काय धाड भरलीय? हा प्रश्न आमच्या सोसायटीतल्या प्रत्येकाने मला गेल्या महिन्यात एकदा तरी विचारला, आणि उत्तर न ऐकता सल्ला दिला. नगरच्या सावेडीत पाणी दिवसाआड येतं. सल्ला रोज येतो, आणि भरून ठेवायला टाकीसुद्धा लागत नाही.

मी श्रीमंत जगताप, निवृत्त कलाशिक्षक. नाव वडिलांनी ठेवलं, पेन्शन सरकारने ठरवली. दोघांनी आधी एकमेकांशी बोलून घ्यायला हवं होतं. आमच्या दुसऱ्या बाथरूममध्ये लाल दिवा आहे, कारण तिथे मी जुन्या पद्धतीने, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर, औषधांच्या ट्रेमध्ये बुडवून फोटो छापतो. छापतो म्हणजे छापायचो. आता तिथे विजयमालाने, म्हणजे माझ्या पत्नीने, कांदे ठेवले आहेत.

या उद्योगात माझा भागीदार होता दानीएल उजागरे. आमच्याच शाळेत विज्ञान शिकवायचा. आमची कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली. छापायचं मी, आणि ओले फोटो टॉवेलात गुंडाळून, स्कूटरच्या डिकीत घालून घरी न्यायचे त्याने. सोमवारी शाळेत आणायचा तेव्हा ते पाटासारखे सपाट असत. ज्यांनी हा कागद हाताळलेला नाही त्यांना यातलं कौतुक कळणार नाही. हा जाड, अस्सल कागद. पोटभर पाणी पितो आणि वाळायला लागला की रागावलेल्या जावयासारखा एका बाजूने वळत जातो. शेवटी फोटो राहत नाही, नळी होते. दानीएल त्याला कसा सरळ करायचा ते मी कधी बघायला गेलो नाही. विचारलं की म्हणायचा, "काच लागते, श्रीमंता, आणि धीर लागतो. काच तुझ्याकडे आहे."

गेल्या वर्षी मे महिन्यात दानीएल गेला. यंदा एप्रिल संपता संपता त्याची बायको, दीनावहिनी, घरी आल्या. त्या दवाखान्यात मेट्रन होत्या, त्यामुळे बसतात ताठ आणि बोलतात मोजकं. घर विकलं होतं. वर्षस्मरणाची उपासना झाली की दुसऱ्या दिवशी मुलीकडे, एंजलकडे, बंगळुरूला कायमचं जायचं ठरलं होतं.

"भाऊजी, मला त्यांचा एक फोटो हवाय," त्या म्हणाल्या. "मोबाईलमध्ये पुष्कळ आहेत. पण सगळ्यांत ते कुणाच्या तरी लग्नात जेवताहेत. तुम्ही चांदबिबीच्या महालावर काढला होता ना, वाऱ्याने केस उडालेत आणि ते हसताहेत, तो हवाय. कागदावरचा. हातात धरता येईल असा."

"एवढंच ना?" मी म्हणालो.

माणसाने आयुष्यात कोणतंही काम अंगावर घेताना हे दोन शब्द उच्चारू नयेत.

निगेटिव्ह माझ्याकडेच होती. कागद दानीएलचाच, फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरण्यांमागे पाकिटात ठेवलेला. त्यात मोजकेच ताव उरले होते. नगरमध्ये हा कागद आता मिळत नाही, आणि पुण्यातल्या दुकानदाराला फोन केला तर तो आधी हसला, मग म्हणाला, "काका, अजून आहात का तुम्ही लोक?" मी आहे असं सांगून फोन ठेवला. फोटो छापला. उत्तम उतरला. लाल उजेडात ट्रेमधल्या पाण्यातून दानीएल वर आला, केस उडालेले, एक डोळा उन्हाने बारीक झालेला. मी त्याला म्हणालोसुद्धा, "ये." आणि मग लक्षात आलं की याला वाळवणार कोण? वाळवणारा तर ट्रेमध्येच होता.

तेव्हाच उठून दीनावहिनींना विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर हेही कबूल करावं लागलं असतं, की इतकी वर्षं ज्या फोटोंखाली 'श्रीमंत जगताप' असं ठसठशीत लिहिलं जायचं, त्यांचं निम्मं काम उजागऱ्यांच्या घरी होत होतं. कलाशिक्षकाला मान जपावा लागतो. बाकी जपायला असतंच काय.

मे महिना, नगरचं ऊन. गच्चीवर घटकाभरात काहीही वाळतं. त्या दिवशी तिथे रतनबाईंचं राज्य होतं. रतनबाई मूळच्या घोडेगावच्या. उन्हाळ्यात सोसायटीतल्या निम्म्या घरांचे पापड, कुरडया त्यांच्या देखरेखीखाली वाळतात. पसरलेल्या पांढऱ्या धोतराच्या एका कोपऱ्यात, उडदाच्या पापडांशेजारी मी दानीएलला ठेवला.

"दादा, ह्यो कशाचा पापड म्हनायचा?" रतनबाईंनी विचारलं.

"फोटो आहे. याला हात लावू नका."

त्यांनी वाकून पाहिलं. "आगं बया! ह्ये तर उजागरे सर. मेलेला मानूस पापडात वाळत घातला व्हय?"

मी जेवायला खाली गेलो. वर आलो तर फोटोची नळी झाली होती आणि रतनबाई ती हातात घेऊन उभ्या होत्या.

"लई वाकलाय, दादा. थांबा, सरळ करून देते."

"नको!" असं मी ओरडलो खरा, पण तोवर त्यांनी दोन्ही हातांनी नळी उलगडली होती. कड्‌ असा आवाज झाला. कपाळापासून हनुवटीपर्यंत दानीएलला तडा गेला.

"पापडागत वाळवला तर पापडागतच मोडनार की," रतनबाई म्हणाल्या. यात चुकीचं काही नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

संध्याकाळपर्यंत दोन बातम्या सोसायटीभर झाल्या: जगताप सरांनी मयताला गच्चीवर वाळत घातलं, आणि रतनबाईंनी तो मोडला. त्यानंतर सल्लागार मंडळ बसलं. कोणी म्हणालं गादीखाली ठेवा, कोणी म्हणालं तांदळाच्या डब्यात. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी कुकरच्या वाफेचा मार्ग सुचवला आणि स्वतःचा मोठा कुकर देऊ केला. एका बाईंनी विचारलं की एवढा त्रास घेण्यापेक्षा माणूस जिवंत असतानाच का नाही छापून ठेवला. आणि सगळ्यांनी शेवटी, अगदी दयेने, हेच विचारलं की मोबाईलवरून झेरॉक्स का काढत नाही?

विजयमाला म्हणाली, "इस्त्री करा. सुरकुती म्हटली की इस्त्री. त्यात शिक्षण कशाला लागतं?"

हे मला पटलं. दुसरी प्रत छापली, चादरींमध्ये वाळवली आणि ती वाकडीतिकडी झाल्यावर कोपऱ्यावरच्या बजरंगकडे घेऊन गेलो. बजरंग मिरजगावचा. त्याची कोळशाची इस्त्री अशी फिरते की शर्टाच्या बाहीवर भाकरी कापावी. मी त्याला नीट समजावून सांगितलं. फोटोचं तोंड खाली, वर पातळ कापड, इस्त्री कोमट, पाणी अजिबात नाही. त्याने सगळं मान डोलवून ऐकलं. "काळजी नगं, सर. उजागरे सरांनी मला सातवीला शिकवलंय. आपलंच काम हाय."

समोरच्या टपरीवर चहा घेऊन परत येतो तर बजरंग इस्त्री उभी करून स्वस्थ उभा होता. बजरंग कधी स्वस्थ उभा राहत नाही.

"काय झालं?"

"सर, हाताची सवय. स्टार्चचा फवारा मारला गेला."

"का?"

"स्टार्च मारल्याबिगर कडक येत न्हाई ना."

कडक आला होता. कागद टेबलावरून अलगद उचलला गेला, पण फोटो त्याच्याबरोबर उठला नाही. दानीएलचा चेहरा टेबलावरच्या चादरीला चिकटून राहिला होता, उलटा, तरीही हसरा. माझ्या हातात नुसते उडालेले केस आले.

"सर, ह्या चादरीवर आता लोकांच्या साड्या कशा घालू मी?" बजरंग रडवेला झाला. "आन् धुऊ तरी कशी? सर हायेत त्यात."

मी त्याला आमच्या घरची एक चादर नेऊन दिली. ती विजयमालाच्या माहेरची निघाली. त्या विषयावर घरात जे बोलणं झालं ते इथे देत नाही.

एवढं झाल्यावर मला दानीएलचं वाक्य आठवलं. काच लागते! वाक्याचा उत्तरार्ध माणूस सोयीने विसरतो, तसा मी विसरलो. हॉलची खिडकी रस्त्याकडे आहे, तिला मोठी एकसंध काच आहे. तिसरी प्रत छापली आणि ओलीच काचेवर चिकटवली. तोंड काचेकडे, पाठ घराकडे, म्हणजे काचेची तकाकी फोटोवर उतरेल, अशी माझी कलाशिक्षकाची अक्कल. लाटण्याने पाणी काढलं. रात्री झोपताना प्रथमच बरं वाटलं.

सकाळी फोटो कोरडा ठणठणीत होता, आणि काचेचा झाला होता. नखाने काढून पाहिला, पट्टीने काढून पाहिला. एक कोपरासुद्धा सुटेना. आतल्या बाजूने मला दिसत होता तो नुसता पांढरा कागद. तेवढ्यात खालून हाक आली, "जगताप सर, जरा खाली या. ताबडतोब."

हे आमचे सचिव, सहादेवराव. तहसील कचेरीतून निवृत्त झाले, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. ते शेजाऱ्याशी बोलत नाहीत, शेजाऱ्याला कळवतात. खाली गेलो तर ते रस्त्यापलीकडे उभे, बरोबर एक नवरा-बायको, आणि तिघंही माना वर करून बघत होते.

मीही वर पाहिलं.

खिडकीत दानीएल उभा होता. सकाळचं ऊन बरोबर त्याच्यावर होतं. काचेमागे कागद असा बसला होता की कुठे वळी नाही, बुडबुडा नाही. एकेक केस दिसत होता, बारीक झालेला डोळा दिसत होता, गालावरची खळी दिसत होती. इतका चांगला फोटो मी जन्मात छापला नव्हता. क्षणभर मला वाटलं, तो आता खिडकी उघडून म्हणणार, "श्रीमंता, वर ये, चहा टाकलाय."

"हे कोण?" सहादेवरावांनी विचारलं.

"दानीएल. माझा मित्र."

"मालक आहेत का फ्लॅटचे?" बरोबरच्या बाईंनी विचारलं.

"मालक मी."

"मग हे?"

"मयत," सहादेवरावांनी अधिकृत माहिती दिली.

ते जोडपं तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघायला आलं होतं. जिना न चढताच गेलं. दुपारी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर सूचना आली. विषय: खिडकीवरील मयत इसमाचे छायाचित्र हटविणेबाबत. खाली लिहिलं होतं की सदर छायाचित्र लहान मुले, गरोदर महिला व संभाव्य खरेदीदार यांच्या दृष्टीस पडत असल्याने ते तात्काळ हटवावे. त्याखाली अंगठ्यांची रांग. माझ्या बाजूने एकच उत्तर आलं. बजरंगने हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं आणि लिहिलं होतं, 'सर झक्कास दिसत्यात.' बजरंग सोसायटीचा सभासद नाही म्हणून त्याला गटातून काढण्यात आलं.

मी हटवला नाही. हट्टाने नव्हे, निघतच नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा त्या फोटोकडे बघायला वेळ नव्हता, मी अपमान मोजत होतो. जिन्यात लोक गप्प होत. गाडीवरून जाणारे ब्रेक दाबून वर बघत. शेजारच्या बंगल्यातले आजोबा फिरायला जाताना खिडकीला नमस्कार करू लागले, बहुधा मी गेलो असं समजून. मी रस्त्याकडे जाणंच सोडलं.

पाकिटात शेवटचा ताव उरला होता. तो मी इतका जपून छापला की ट्रे हलवताना श्वाससुद्धा घेतला नाही. चादरीत वाळवला. वाकला, पण थोडाच. आता त्याला हवं होतं वजन, आणि पाच-सहा दिवस कोणाचा हात न लागणं. आमच्या घरात या दोन्ही गोष्टी मिळत नाहीत.

अशा वेळी सहादेवराव स्वतःहून घरी आले. काढलेल्या पत्रकामुळे त्यांच्या बायकोने त्यांना झापलं होतं, असं कळलं. दीनावहिनींनी तिच्या बाळंतपणात तिचा जीव वाचवला होता.

"सर, तो नियमाचा भाग झाला," ते म्हणाले. "माणुसकीचा भाग वेगळा. आमच्या ओट्याचं काम झालं तेव्हाच्या दोन कडाप्पा फरश्या घरात पडून आहेत. फोटो त्यांच्यामध्ये ठेवू. माझ्या ताब्यात म्हणजे सरकारी ताब्यात समजा."

हे ऐकून मला खरोखर गहिवरून आलं. मी माझ्या हाताने त्यांच्याकडे फोटो दिला. खाली स्वच्छ कागद, वर स्वच्छ कागद, खाली कडाप्पा, वर कडाप्पा. त्यावर त्यांनी गव्हाचं पोतं ठेवलं आणि नातवंडांना त्या खोलीत जायला बंदी केली. रोज सकाळी मला फोनवर कळवत, "परिस्थिती जैसे थे."

उपासनेच्या दिवशी सकाळी ते पाकीट घेऊन आले. चेहऱ्यावर असा आनंद की जणू मुलीचं लग्न ठरलंय.

"सपाट झाला, सर. अगदी जमिनीच्या नकाशासारखा सपाट. पण मी म्हटलं, बंगळुरूची हवा दमट. तिथे जाऊन पुन्हा वळला तर? म्हणून एक जादा काम केलं. तुम्हाला विचारलं नाही, म्हटलं आपल्यातर्फे."

मी पाकीट उघडलं.

त्यांनी लॅमिनेशन केलं होतं.

आपल्याकडे माणसाला एखादी गोष्ट फार मोलाची वाटली की तो ती प्लॅस्टिकमध्ये गाडतो. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, लग्नपत्रिका, देवाचा फोटो. सहादेवरावांच्या घरी त्यांच्या सेवानिवृत्तीचा आदेश लॅमिनेट करून भिंतीवर आहे. त्यांनी दानीएलला त्या पंक्तीत बसवलं होतं, याहून मोठा मान त्यांच्याकडे नव्हता. पण तो कागद गरम रुळांमधून जाण्यासाठी जन्मलेला नाही. आतून सगळीकडे फोड आले होते. कपाळावर, गालावर, ओठांवर. देवी आलेल्या माणसासारखा दानीएल प्लॅस्टिकमागून माझ्याकडे बघत होता.

"आता पाण्यात बुडवा, काही होणार नाही," सहादेवराव म्हणाले.

"हो," मी म्हणालो. "आता काही होणार नाही."

"आवडला ना?"

मी आभार मानले. मध्यमवर्गीय माणसाला ठार मारलं तरी तो जाताजाता आभार मानतो.

संध्याकाळी आम्ही चर्चमध्ये उपासनेला गेलो. लॅमिनेट केलेला दानीएल मी वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत धरला होता, द्यावा की न द्यावा हे ठरत नव्हतं. दारातच थबकलो. आत, वेदीच्या बाजूला, छताला टेकेल एवढा फ्लेक्स. दानीएलचा पुतण्या बेंजामिन याचं सावेडी नाक्याला फ्लेक्सचं दुकान आहे. त्याने काकांसाठी प्रेमाने केला होता. मागे धबधबा, वर कबुतरं, मधोमध निळा सूट आणि लाल टाय घातलेला दानीएल. दानीएलने स्वतःच्या लग्नातही टाय बांधला नव्हता. सूट दुसऱ्या कोणाचा तरी होता, मान फक्त याची. आणि चेहरा घेतला होता मोबाईलमधल्या लग्नाच्या फोटोतून, त्यामुळे वर्षस्मरणाच्या गंभीर अक्षरांवर, एका गालात घास धरून, दानीएल आमच्याकडे बघत होता.

"काका, कसा झालाय?" बेंजामिनने मला विचारलं. "बारा बाय आठ. स्टार क्वालिटी. पावसात ठेवा, काही होत नाही."

पाळकसाहेबांनी प्रवचनात फ्लेक्सचा उल्लेख केला. लोकांनी रांग लावून त्याच्यापुढे सेल्फी काढले. माझ्या मनात आलं की उठावं आणि ओरडून सांगावं, हा माणूस असा नव्हता, याला वारा आवडायचा, याच्या गालाला खळी पडायची. पण माझ्या काखेत जो होता तो तरी असा कुठे होता?

उपासना संपल्यावर दीनावहिनी जवळ आल्या. त्या कोणाजवळही काही मागत नाहीत. माझ्याकडेही त्यांनी एकदाच मागितलं होतं.

"भाऊजी, आणलात?"

मी काखेतलं वर्तमानपत्र आणखी दाबलं.

"अजून वाळतोय," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "बरं. सकाळी आम्ही निघतोय, तुमच्याच रस्त्याने. जाताना थांबते."

रात्री घरी आल्यावर विजयमाला हॉलच्या खिडकीपुढे उभी राहिली. "त्या उद्या येणार. खालून वर बघणार. आपला नवरा लोकांच्या काचेला चिकटलेला बघून काय वाटेल हो त्यांना? आधीच सगळी कॉलनी हसतेय."

हे मला सुचलं नव्हतं. आणि सुचल्यावर फार भयंकर वाटलं. दिलं तर काही नाही, वरून त्याचा तमाशा. पहाटेच उठलो. गरम पाणी, फडकं, दाढीचं पातं. आधी पाठीचा कागद भिजवला. त्याचे लगदे निघाले. मग पातं लावलं. आतून काही नीट दिसत नव्हतं, कोणत्या क्षणी काय निघतंय ते कळत नव्हतं. मला वाटतं आधी केस गेले. पातळ झालेल्या कागदातून उजेड आला तेव्हा माझ्या हाताखाली तो बारीक झालेला डोळा होता. मी थांबलो. विजयमाला म्हणाली, "आटपा, येतील त्या." मी डोळे मिटून पातं ओढलं. मग तिने वर्तमानपत्राने काच अशी पुसली की तिथे काच आहे हेही कळू नये.

खाली सहादेवरावांनी वर बघून अंगठा दाखवला.

थोड्या वेळाने हॉर्न वाजला. मी निगेटिव्हचं पाकीट घेऊन खाली धावलो. बेंजामिनची गाडी फाटकाशी होती. पण दीनावहिनी फाटकाशी नव्हत्या. त्या रस्त्यापलीकडे, त्या दिवशी सहादेवराव उभे होते तिथेच, उन्हात हात कपाळाशी धरून उभ्या होत्या आणि आमच्या खिडक्यांकडे बघत होत्या. डावीकडची झाली, उजवीकडची झाली, पुन्हा मधली.

"वहिनी, वर चला ना. चहा—"

"कोणती खिडकी हो, भाऊजी?" त्यांनी विचारलं. "बेंजामिन म्हणाला, तुमच्या खिडकीत हे दिसतात. अगदी जिवंत दिसतात म्हणे. सगळी कॉलनी बघून गेली. मी काल विचारणार होते, पण तुम्ही वाळतोय म्हणालात. म्हटलं, खिडकीतच वाळत असतील. जाताना बघून घेते."

माझ्या बोटांना अजून तो चिकट लगदा होता. मी हात मागे घेतले.

"मधली," मी म्हणालो. "सकाळी काढला."

"अख्खा निघाला?"

"नाही."

त्यांनी कपाळावरचा हात खाली घेतला. मग माझी समजूत घालावी तसं म्हणाल्या, "आमच्याकडेही खिडकीलाच लावायचे ते. पण पाठ काचेला आणि तोंड घराकडे. कडेने डिंकाची पट्टी. दोन दिवस मला खिडकी उघडू द्यायचे नाहीत. मी स्वयंपाक करत असले की सगळे फोटो माझ्याकडे बघत असायचे." शेवटी म्हणाल्या, "मला विचारायचं होतंत."

मी निगेटिव्हचं पाकीट पुढे केलं. त्यांनी ती पट्टी उन्हाकडे धरून पाहिली. तीत दानीएलचा चेहरा काळा आणि केस पांढरे.

"हे तुमच्याकडेच राहू द्या," त्या पाकीट परत देत म्हणाल्या. "माझ्याकडे कुठली आलीय अंधारी खोली?"

मला रडू फुटलं. भर रस्त्यात, सहादेवराव बघत असताना, निवृत्त कलाशिक्षक रडला. दीनावहिनींनी मेट्रनच्या हाताने माझा खांदा थोपटला. गाडीत बसताना त्यांनी पुन्हा एकदा वर पाहिलं.

"काच मात्र छान स्वच्छ केलीत, भाऊजी," त्या म्हणाल्या. "सलाम. येते."

गाडी निघाली तेव्हा मला तिचं टप दिसलं. वर बॅगा होत्या, आणि धूळ लागू नये म्हणून बेंजामिनने त्यांच्यावर कालचा फ्लेक्स टाकला होता. निळा सूट, लाल टाय, गालात घास. चारी बाजूंनी दोरी ताणून बांधलेला दानीएल पाइपलाइन रोडच्या वळणापर्यंत दिसत राहिला. एवढा वारा होता, पण त्याच्यावर एकही वळी नव्हती.